भाललोचन आणि बारा स्वर

सतराव्या शतकात तंजावरच्या नायक राजाच्या आश्रयाने व्यंकटमखीने ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ लिहिली आणि तीत एक हिशेब मांडला. बारा स्वरस्थाने घ्यायची, षड्ज-पंचम अचल ठेवायचे, मध्यम शुद्ध किंवा तीव्र यांपैकी एकच घ्यायचा आणि ऋषभ-गांधार, धैवत-निषाद यांच्या नियमात बसणाऱ्या जोड्या लावत जायच्या. अशा रीतीने मेळ होतात 72. त्याच्या काळी गाण्यावाजवण्यात त्यांतले 19च रूढ होते. बाकीचे कागदावर होते. हिशेब पूर्ण झाल्यावर त्याने एक विलक्षण दावा केला: या बारा स्वरांतून 72हून एक मेळ अधिक किंवा एक उणा काढणे प्रत्यक्ष भाललोचनालाही साधणार नाही. पंडिताची बढाई म्हणून हा दावा सोडून देता येईल. मला मात्र त्यात खरा धर्मविचाराचा प्रश्न दिसतो. ज्या शंकराच्या डमरूतून नाद निघाला असे परंपरा मानते, त्यालाही नादाच्या मोजणीपुढे थांबावे लागत असेल, तर निर्मिती म्हणायचे कशाला? जे जे होऊ शकते ते आधीच ठरलेले असेल, तर निर्माता नेमके काय करतो?

विसाव्या शतकात हाच प्रश्न पाश्चात्त्य संगीतात फार काटेकोरपणे उभा राहिला. 1908-09च्या सुमारास व्हिएन्नात आर्नोल्ड शोनबर्गने आधारस्वराचे बंधन सोडले, आणि त्या संगीताला स्वरमेळांची जुनी नावे लागू पडेनात. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला मिल्टन बॅबिट यांनी बारा स्वरांच्या संगीताला गणिताची भाषा दिली. येल विद्यापीठातले अॅलन फोर्ट यांनी 1973मध्ये ‘द स्ट्रक्चर ऑफ एटोनल म्युझिक’ या पुस्तकात संच-सिद्धान्ताची जी यादी छापली, ती आजही प्रमाण मानली जाते. कल्पना अवघड नाही. सप्तक विसरायचे, म्हणजे मंद्र, मध्य आणि तार षड्ज एकच धरायचा. स्वर कोणत्या क्रमाने आले तेही विसरायचे. मग उरतात बारा स्वर आणि त्यांचे सगळे संभाव्य संच, 4096. एखादा संच तसाच्या तसा वर-खाली सरकवला, किंवा त्यातली चढती अंतरे उतरती केली, तरी त्याची जात तीच मानायची. असे केल्यावर रिकामा संच धरूनही फक्त 224 जाती उरतात. तीन स्वरांच्या 12, चारांच्या 29, पाचांच्या 38, सहांच्या 50. प्रत्येक जातीत कोणते स्वरांतर किती वेळा येते याचाही ताळा मांडता येतो. फोर्ट यांना हे हवे होते ते विश्लेषणासाठी. रचनाकारांनी ते रचनेसाठी वापरले. एलियट कार्टर यांनी तर स्वतःच्या कामासाठी अशी यादी हाताने तयार केली होती. ती 2002मध्ये ‘हार्मनी बुक’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिचे क्रमांक फोर्ट यांच्या क्रमांकांशी जुळत नाहीत, पण संच तेच आहेत, कारण ते वेगळे असूच शकत नाहीत. दोन माणसे वेगवेगळ्या वाटांनी गेली आणि एकाच कुंपणाशी पोचली. व्यंकटमखीचे म्हणणे याहून वेगळे नव्हते.

कुंपण दिसल्यावर माणसाने काय करायचे, याची दोन उत्तरे अमेरिकेत एकाच वर्षी मिळाली. 1951मध्ये जॉन केज यांनी ‘म्युझिक ऑफ चेंजेस’ ही पियानोची रचना नाणी उडवून आणि चिनी ‘ई चिंग’ ग्रंथातल्या 64 आकृत्यांचा कौल घेऊन लिहिली. सगळ्या शक्यता समान असतील, तर त्यांतून एक उचलण्याचा हट्ट म्हणजे अहंकार, अशी त्यांची धारणा. तिला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. मन शांत करून ते दैवी प्रभावासाठी मोकळे करणे हे संगीताचे प्रयोजन, ही शिकवण केज यांना काही वर्षांपूर्वी गीता साराभाई यांच्याकडून मिळाली होती, आणि निवडीचा त्याग हा त्यांच्या लेखी साधनेचाच भाग होता. त्याच वर्षी कार्टर यांनी अॅरिझोनाच्या वाळवंटात राहून आपले पहिले स्ट्रिंग क्वार्टेट पुरे केले. त्याच्या मुळाशी चार स्वरांचा एक संच आहे: सा, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म. चार स्वरांच्या जोड्या होतात सहा, आणि वरची-खालची दिशा सोडून दिली तर बारा स्वरांत अंतरांचे प्रकारही सहाच. या संचात प्रत्येक प्रकार बरोबर एकदा येतो. 29 जातींपैकी अशा जाती दोनच आहेत. दुसरी सा, कोमल रे, कोमल ग, पंचम अशी. कार्टर यांनी या संचातून लांबलचक, एकमेकांना छेदत जाणाऱ्या ओळी काढल्या. केज यांनी निवड सोडली आणि कार्टर यांनी ती अंगावर घेतली. या दोन भूमिकांत मी कार्टर यांच्या बाजूने आहे आणि त्याची कारणे देणे मला आवश्यक वाटते.

तत्त्वज्ञानात हा वाद जुना आहे. देकार्तने 1630च्या पत्रांत असे मांडले की गणितातली शाश्वत सत्येदेखील देवानेच, स्वतःच्या मुक्त इच्छेने, निर्माण केली. त्याने ठरवले असते तर ती वेगळी असती. लायब्निझला हे मान्य नव्हते. 1666मध्ये, विशीतच, त्याने ‘दे आर्ते कॉम्बिनातोरिया’ हा संयोगांच्या गणितावरचा ग्रंथ लिहिला होता, आणि पुढे त्याच्या ईश्वरविचाराचा पायाही शक्यतांच्याच कल्पनेवर उभा राहिला. शक्य असलेली सगळी जगे देवाच्या बुद्धीत असतात. ती तो बनवत नाही, जाणतो. त्यांतले एक निवडून त्याला अस्तित्व देणे हे त्याच्या इच्छेचे काम, आणि निर्मिती म्हणतात ती हीच. व्यंकटमखीचा भाललोचन लायब्निझच्या पक्षाचा आहे. 72 हा आकडा त्याच्या हुकमाखाली येत नाही, पण त्यामुळे त्याचे देवपण उणे होत नाही, कारण देवपण आकडा बदलण्यात नव्हतेच. संच-सिद्धान्ताचे रचनाकाराला होणारे मोठे काम मला इथे दिसते. दिलेले काय आणि ठरवलेले काय, यांच्यामधली रेघ तो स्वच्छ दाखवतो. ती धूसर असते तोवर रचनाकार दोन्हीकडून स्वतःची समजूत घालू शकतो. सापडलेल्या गोष्टीला तो माझी निर्मिती म्हणतो, आणि स्वतः घेतलेल्या निर्णयाला स्वरांचाच स्वभाव म्हणून जबाबदारी झटकतो. पूर्ण यादी समोर असली की दोन्ही पळवाटा बंद होतात.

ही जबाबदारी किती खोल जाते हे एका सिद्धान्तावरून कळते. बॅबिट यांच्या नावाशी जोडलेला तो सिद्धान्त असा: बारा स्वरांतून कोणतेही सहा घ्या; उरलेल्या सहांमधल्या अंतरांचा ताळा घेतलेल्या सहांच्या ताळ्याइतकाच येतो. उदाहरण हार्मोनियमवर करून पाहता येईल. सा, कोमल रे, शुद्ध रे, शुद्ध ग, पंचम, कोमल ध हे सहा स्वर घेतले, तर त्यांच्या पंधरा जोड्यांत अर्ध्या स्वराचे अंतर तीनदा, पूर्ण स्वराचे दोनदा, कोमल गांधाराचे दोनदा, शुद्ध गांधाराचे तीनदा, शुद्ध मध्यमाचे तीनदा आणि तीव्र मध्यमाचे दोनदा येते. टाकलेले सहा स्वर म्हणजे कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, शुद्ध ध आणि दोन्ही निषाद. त्यांचाही ताळा हाच, एकाचाही फरक नाही. पण एक संच सरकवून किंवा उलटवून दुसरा मिळत नाही. पहिल्या संचात तीन स्वरांच्या बाराही जाती सापडतात. सहा स्वरांच्या 50 जातींत हे वैशिष्ट्य त्या एकाच जातीचे. टाकलेल्या सहांत मात्र सा, ग, कोमल ध यांच्यासारखे समान अंतरावरचे त्रिकूट कुठेही नाही. म्हणजे मोजमापाने जे घेतले तेच टाकले, आणि तरीही घेतलेले आणि टाकलेले एक नव्हते. कार्टर यांनी उत्तरायुष्यात हा पहिला संच पुन्हा पुन्हा वापरला. 1964-65च्या पियानो कॉन्चेर्तोत त्यांनी तीन स्वरांच्या बारा जातींची वाटणीच केली: सहा पियानोकडे आणि त्याच्यासोबतच्या सात वाद्यांकडे, सहा ऑर्केस्ट्राकडे. एका बाजूची सामग्री दुसरीला मोकळी नाही. यादीत बारा जाती शेजारी-शेजारी निमूट पडलेल्या असतात. त्यांच्यात वैर आहे हे यादीला माहीत नाही. ते कार्टर यांनी आणले. एकटा माणूस आणि त्याच्यावर दडपत येणारा जमाव, हा त्या रचनेचा आशय वाटणीतून आला, आणि वाटणी कोणत्याही गणिताने सक्तीची केलेली नव्हती.

यावर पहिला आक्षेप आपल्याकडच्या श्रोत्याला लगेच सुचेल, आणि तो भक्कम आहे. संच-सिद्धान्त षड्ज विसरतो. भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी बिलावल, कल्याण, खमाज, काफी, आसावरी आणि भैरवी हे सहा थाट या सिद्धान्तात एकाच जातीचे ठरतात, कारण एकाच सात स्वरांच्या मालेत षड्ज हलवला की ते मिळतात. मूर्च्छनेने भूपातून मालकंस आणि दुर्गा निघतात, म्हणजे तेही एकच. भूप आणि देशकार यांचा तर षड्जही तोच आणि स्वरही तेच. त्यांना वेगळे करणारे चलन, न्यास, वादी यांतले काहीच यादीत उतरत नाही. रागाचा प्राण ज्यात आहे तेच जे हत्यार टाकून देते, त्याने रागाला हात लावू नये, हे मला मान्य आहे. पण हा दोष त्या हत्याराचा नाही. जिथे षड्ज जाणूनबुजून सोडलेला आहे अशा संगीतासाठी ते घडवले गेले. आक्षेपाचे खोलवरचे रूप वेगळे आहे. केंद्र नसलेले, सगळे स्वर समान मानणारे संगीत हेच मुळी अधार्मिक, कारण आधारस्वर आणि त्यातून उमटणारे स्वयंभू स्वर ही निसर्गाची, पर्यायाने ईश्वराची देणगी आहे, असे म्हणणारे युरोपातही होते. त्यांना शोनबर्गचेच उदाहरण द्यावे लागते. तो ज्यू कुटुंबात जन्मला, 1898मध्ये प्रोटेस्टंट झाला, 1933मध्ये पॅरिसमध्ये विधिपूर्वक ज्यू धर्मात परतला, आणि ज्याची मूर्ती करायला मनाई आहे अशा देवाचा विचार त्याने आयुष्यभर सोडला नाही. ज्याच्याकडे बोट दाखवता येते तेच केंद्र, असे सगुणाच्या उपासकाने मानावे. निर्गुणाच्या उपासकाला ते बंधनकारक नाही. केंद्र ऐकू येत नाही म्हणजे ते नाकारले आहे, असा निष्कर्ष निघत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. हे सगळे ऐकू तरी येते का? संगीतकार बुलेझ यांची ‘ल मार्तो साँ मेत्र’ ही रचना 1955मध्ये सादर झाली आणि गाजली. पण तिच्यातली स्वरांची मांडणी कोणत्या नियमाने केली आहे हे लेव कोब्लियाकोव्ह या अभ्यासकाने 1977मध्ये उलगडेपर्यंत तज्ज्ञांनाही कळले नव्हते. संगीतकार आणि सिद्धान्तकार फ्रेड लर्डाल यांनी 1988मध्ये हेच उदाहरण घेऊन विचारले की रचणाऱ्याचे व्याकरण आणि ऐकणाऱ्याचे व्याकरण यांची गाठच पडत नसेल, तर रचणाऱ्याच्या व्याकरणाचा उपयोग काय? फोर्ट यांच्या विश्लेषणावर जॉर्ज पर्ल आणि रिचर्ड टरस्किन यांनी केलेली टीकाही जवळची आहे: हवे ते स्वर एका कुंडलात घेतले की हवा तो संच सापडतो. यावर दोन सोपी उत्तरे दिली जातात. एक लायब्निझचे आहे. संगीत म्हणजे आत्म्याने नकळत केलेली गणना, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे, म्हणून न कळताही परिणाम होत असेल. होतही असेल, पण ‘नकळत’ या शब्दाखाली काहीही खपवता येते. दुसरे उत्तर भाविक आहे: माणसाला ऐकू आले नाही तरी देवाला येते. हे उत्तर मी स्वीकारत नाही, आणि ते श्रद्धेपोटीच. आपण जे श्रोत्यापर्यंत पोचवू शकलो नाही ते पोचवून घेण्याचे काम देवाला लावणे ही भक्ती नव्हे. लर्डाल यांचा मुद्दा मान्य करून एवढेच म्हणता येते की यादी ऐकू येण्याची हमी देत नाही, कारण ती कशाचीच हमी देत नाही. ऐकू येईल असे करणे हे पुन्हा निवडीतच येते: कोणता संच कोणत्या वाद्याला, किती उंचीवर, कोणत्या वेगाने आणि किती वेळ द्यायचा. कार्टर यांच्या 1959च्या दुसऱ्या क्वार्टेटमध्ये चारही वाद्यांना स्वतःची अंतरे आणि स्वतःची चालण्याची ढब आहे. ती चार माणसे एकमेकांशी बोलताहेत, एकमेकांना तोडताहेत, हे कोणत्याही संचाचे नाव न जाणणाऱ्यालाही ऐकू येते. बुलेझ यांची ती मांडणी ऐकू येत नसेल, तर तो त्या निवडीचा दोष म्हणून नोंदवावा.

आणि यादीचा वापर प्रार्थनेसारखा करणारा एक रचनाकार होऊन गेलाच. पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या ऑलिव्हिए मेसियाँने 1944च्या ‘तेक्निक द मों लांगाज म्युझिकाल’ या पुस्तकात अशा स्वरमाला नोंदवल्या ज्या दोन-तीन, फार तर सहा वेळा सरकवल्या की पुन्हा पहिल्याच स्वरांवर येतात. त्यांपलीकडे त्यांना नवे रूप घेताच येत नाही. त्याने अशा सातच माला धरल्या आणि त्यांच्या या असमर्थतेलाच मोहिनी म्हटले. माणूस जिथे आणखी पुढे जाऊ शकत नाही ती जागा त्या कॅथलिक रचनाकाराला ईश्वराच्या सान्निध्याची वाटत होती. त्याची ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ 15 जानेवारी 1941 रोजी ग्योर्लिट्झच्या जर्मन युद्धबंदी छावणीत पहिल्यांदा वाजली. तिच्या पहिल्या भागात पियानो 17 लयमात्रांची एक साखळी आणि 29 स्वरमेळांची दुसरी साखळी एकाच वेळी फिरवत राहतो. दोन्ही संख्या मूळ असल्याने साखळ्या पुन्हा एकत्र सुरू व्हायला 493 स्वरमेळ लागतील, आणि तो भाग त्याच्या कितीतरी आधी थांबतो. त्या 17 मात्रा रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या देशी तालांतून घेतल्या आहेत. त्या मेसियाँला लाविन्याकच्या विश्वकोशात सापडल्या. तिथे त्या आल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तून, ज्यात 120 देशी तालांची यादी आहे. शार्ङ्गदेव देवगिरीचा, तेराव्या शतकातला, यादव राजा सिंघणाच्या दरबारी हिशेबाचा अधिकारी. त्याने सात स्वरांचे 5040 क्रम मोजले, आणि कोणत्या क्रमांकाला कोणता क्रम येतो, कोणत्या क्रमाचा क्रमांक किती, हे काढण्यासाठी खंडमेरूची रीत सांगितली. यादी देवगिरीच्या कारभाऱ्याने केली आणि तीतले तीन ताल सातशे वर्षांनी छावणीतल्या कैद्याने उचलले. त्या तीनच तालांना काळाच्या अंताची खूण करावी, हे 120 तालांच्या यादीत कुठेही लिहिलेले नव्हते.

आता शेवटचा आक्षेप, जो माझ्या भूमिकेच्या मुळावर येतो. यादी शक्यता देते, निवड माणूस करतो, हे मान्य केले तरी निवडीचा आधार काय? सगळे संच समान असतील तर हाच का, याचे उत्तर यादीतून मिळणार नाही. आणि दुसरीकडूनही मिळत नसेल, तर कार्टर यांची निवड आणि केज यांचे नाणे यांत उरतो तो फरक रचनाकाराच्या अभिमानापुरता. हा आक्षेप खोडून काढता येतो असे मी म्हणत नाही. आधार बाहेरून आणावा लागतो, हे सत्यच आहे. मेसियाँने तो श्रद्धेतून आणला, कार्टर यांनी माणसामाणसांतल्या ताणातून. तो आणलेला आहे की नाही, हे रचनेत कळते, आणि न आणल्याचेही कळते. शोनबर्गच्या ‘मोझेस उंड आरोन’ या ऑपेराकडे त्यासाठी पाहावे. पूर्ण ऑपेरा बारा स्वरांच्या एकाच मालेवर उभा आहे. सरकवून, उलटवून आणि उलट्या क्रमाने वाचून तिची जास्तीत जास्त 48 रूपे होतात. मोझेसला अदृश्य देवाचा विचार ठाऊक आहे, पण त्याला गाता येत नाही. तो जवळजवळ बोलतो. आरोन गातो, लोकांना पटेल अशी प्रतिमा देतो, आणि त्या प्रतिमेने विचार मळतो. पहिल्या दोन अंकांचे संगीत 1930 ते 1932 मध्ये लिहून झाले. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मोझेस शब्द सापडत नाही म्हणून कोसळतो. तिसऱ्या अंकात तो आरोनला बेड्यांत आणतो आणि विचाराचा विजय सांगतो. त्याची संहिता शोनबर्गने लिहिली होती. माला तीच होती, तिची सगळी रूपे हाताशी होती, आणि त्यांवर त्याच्याइतकी हुकमत तेव्हा कोणाचीच नव्हती. 13 जुलै 1951 रोजी लॉस एंजेलिसला त्याचा मृत्यू झाला तोपर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षे, त्याने त्या अंकाचे संगीत पूर्ण केले नाही. माझ्या मते कारण यादीत नव्हते. मोझेस जिंकला हे संहितेत लिहिणे त्याला जमले होते; ते खरे आहे असा एखादा स्वर निवडण्याइतका आधार त्याला मिळाला नाही, आणि आधाराशिवाय 48 पैकी कोणतेही रूप लावून द्यायला तो तयार नव्हता.